शेवटचा न्याय, म्हणजे जगाच्या अंती देव सगळ्यांचा निवाडा करतो तो, बायबलमध्ये वाचायचाय? मग असं करा
डायरेक्ट प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, उघडू नका, डोकं गरगरतं. आधी मत्तय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातली 31 ते 46 वचनं वाचा, मेंढरं आणि शेरडं वेगळी करतात ती, तिथं राजा विचारतो काय तर भुकेल्याला जेवण दिलंस का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का, बस. मग प्रकटीकरणाचा 20वा अध्याय, तिथं न्यायाचं पांढरं सिंहासन, माणसांची कामं लिहिलेली उघडलेली पुस्तकं अन् वाचणाऱ्यांची नावं असलेलं जीवनाचं पुस्तक. त्याच अध्यायातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यावरून चर्चमध्येच मतभेद आहेत, कॅथलिक ते शब्दशः घेत नाहीत, तिथं अडकू नका. आणि कुणी त्या दिवसाची तारीख सांगितली की मत्तय 24:36 दाखवा, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही असं तिथं लिहिलंय. विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाचे लोक 22 ऑक्टोबर 1844 ला अमेरिकेत ख्रिस्त परत येईल म्हणून वाट बघत बसलेले, काहीच झालं नाही.