कुर्तीचा बाजूचा खिसा कापड कापायच्या आधीच ठरवा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासात मी सहा महिने शिलाई शिकले. ब्लाउज, परकर, पंजाबी ड्रेस सगळं झालं, खिसा तेवढा कुणी शिकवला नाही. घरी मशीन मांडल्यावर पहिल्याच महिन्यात गल्लीतल्या वहिनी आल्या. "खिसा लावशील काय गं? अंबाबाईच्या रांगेत किल्ली अन् मोबाईल हातात धरून उभं राहायचं म्हंजे लई वैताग." मी हो म्हणाले आणि शिवून झालेली कुर्ती बाजूनं उसवून खिसा बसवला. आठ दिवसांत खिशाच्या तोंडाचं खालचं टोक फाटलं. नवं कापड आणून अख्खी कुर्ती पुन्हा शिवून दिली. नवीन शिकणाऱ्या मुलींना म्हणून आधी हेच सांगते, खिसा कापड कापायच्या आधी ठरवा.

माप घेताना गिऱ्हाईकाचा हात बघा, बांगड्यांसकट. तोंड साधारण सहा इंच, हात भरून बांगड्या असतील तर साडेसहा. तोंडाच्या खाली खिशाची आतली पिशवी निदान चार इंच उतरायला हवी, नाहीतर गाडीवर बसताना मोबाईल निसटतो. साइड कटची कुर्ती असेल तर तोंड संपल्यावर दोन इंच शिवण राहील इतका कट खाली घ्या आणि पिशवीची कड पुढच्या कटाच्या दुमडीत पकडा. ते अवघड जातं, म्हणून सुरुवात ए-लाइनवर, म्हणजे खाली घेर वाढत जाणाऱ्या बिनकटाच्या कुर्तीवर करावी.

पिशवीला पॉपलीन, म्हणजे घट्ट विणीचं साधं सुती कापड उत्तम. आपल्याला ते शोधावं लागत नाही, इचलकरंजी तासाभरावर. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये तिथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून ते कापडाचंच गाव. फक्त पॉपलीन आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवी आखडते आणि कुर्तीची बाजू गोळा होते.

आता शिवण. पिशवीचे चार तुकडे, दोन-दोन समोरासमोरचे. मी बाजूला एक इंच मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड ठेवते. पिशवीचा तुकडा सुलट बाजूवर सुलट ठेवून शिवणीच्या रेषेवर नाही, तिच्यापासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) कडेकडे शिवायचा. या एका सुतामुळे जोड आत वळतो आणि पॉपलीन बाहेर दिसत नाही. रेयॉन असेल तर पुढच्या तोंडावर कापडाच्या किनारीची अर्ध्या इंचाची पट्टी धरून टीप मारा, किनार ताणत नाही. मग मार्जिन पिशवीकडे वळवून काठाची टीप आणि इस्त्री. इस्त्रीचा कंटाळा केला तर खिसा कायम फुगलेला दिसतो.

पुढचा-मागचा भाग जोडताना काखेतून खाली या, खिशाच्या वरच्या खुणेपुढे अर्धा इंच जा, सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा दाबपाय उचला, कापड वळवा आणि पिशवीभोवती फिरा. खालच्या टोकालाही तोंडाचा अर्धा इंच बंद होऊ द्या. दोन्ही वळणांवर उलट-सुलट टीप तीनदा. वहिनींच्या कुर्तीत माझं नेमकं हेच राहिलं होतं. शेवटी पिशवीच्या वर आणि खाली फक्त मागच्या मार्जिनला तिरका कट मारा, टिपेच्या एक सूत अलीकडे थांबून, म्हणजे पिशवी पुढं पडते. मग कडांचे धागे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक.

पैशांचं माप घेतानाच बोला. मी जोडीचे साठ रुपये वेगळे घेते. पहिली जोडी दीड तास चालली होती, आता पंचवीस मिनिटं लागतात. आणखी एक आधीच सांगायचं: खिसा असला की पुढं कुर्ती सैल करताना खिसाही उसवावा लागतो. बऱ्याच बायका हे ऐकून माप जरा सैल द्या म्हणतात.

देण्याआधी मी कुर्ती हँगरला लावून खिशात माझा मोबाईल आणि किल्ल्या टाकते. बाजू खाली ओढली गेली, तर कमरेला शिवण असलेल्या कुर्तीत पिशवीचं वरचं टोक लांबवून त्या शिवणीत पकडते.