हप्त्याच्या एक्सेल शीटवर स्क्रोल बार कसा बसवावा

गृहकर्जाचा हप्ता काढणारी शीट तुमच्याकडे आहे असं धरतो: कर्ज, दर, वर्षं आणि खाली पीएमटीचं सूत्र. आकडे खोडत बसण्यापेक्षा पट्टी सरकवली की हप्ता बदलावा, एवढंच करायचंय.

डेव्हलपर टॅब दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे जाऊन त्यावर खूण करा. टॅबमध्ये इन्सर्ट दाबलं की दोन गट उघडतात. वरचा, फॉर्म कंट्रोल्सचा घ्या. खालच्या ॲक्टिव्हएक्सच्या वाटेला जाऊ नका, कोणी कितीही सांगो. ते मॅकवर चालत नाहीत आणि या कामाला लागतही नाहीत. स्क्रोल बार निवडा, शीटवर आडवा ओढा.

खरी मेख सेल लिंकमध्ये, म्हणजे पट्टी आपला आकडा ज्या सेलमध्ये टाकते त्या जोडणीत आहे. पट्टीवर राइट क्लिक करून फॉर्मॅट कंट्रोल उघडा, कंट्रोल टॅबवर जा. इथे सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘दराचाच सेल जोडा’. अजिबात जोडू नका. या पट्टीला ० ते ३०,००० मधले पूर्णांकच कळतात. दशांश नाही, उणे आकडे नाहीत. टक्क्यांच्या सेलमध्ये तिने ९ टाकले की तिथे ९०० टक्के दिसतात. एवढं व्याज सावकारही मागायचा नाही!

म्हणून बाजूला एक रिकामा सेल घ्या, समजा एफ ३. मिनिमम ६००, मॅक्सिमम १५००, इन्क्रिमेंटल चेंज ५, आणि लिंक एफ ३ ला. दराच्या सेलमध्ये एफ ३ भागिले १०,००० असं सूत्र लिहा. ८५० चे ८.५ टक्के होतात. कर्जाला स्वतंत्र पट्टी आणि स्वतंत्र सेल: १ ते १००, गुणिले एक लाख. वर्षांना हा द्राविडी प्राणायाम नको, १ ते ३० थेट जोडा.

आणि जोडलेल्या सेलमध्ये सूत्र कधीच ठेवू नका. पट्टी हलताच एक्सेल न विचारता ते पुसतं आणि नुसता आकडा ठेवतं. तसंच पट्टी कॉपी केलीत तर लिंकही जुनीच येते. ती हाताने बदलली नाही, तर कर्ज सरकवताना दर हलेल.

पडताळा घ्या. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण २६,०३५ रुपये. उणे दिसला तर सूत्रात कर्जापुढे उणे चिन्ह द्या. वर्षं १५ वर आणली की हप्ता २९,५४२ च्या आसपास जातो. एकूण व्याजाची ओळ माझ्या मते हवीच, कारण ते नऊ लाखांहून जास्त घटतं आणि नुसत्या हप्त्यावरून हे कळत नाही.

शीट दुसऱ्याला देताना प्रोटेक्ट करणार असाल, तर आधी जोडलेले तिन्ही सेल अनलॉक करा. नाहीतर पट्टी हलवताच एक्सेल अडून बसेल.