बांधकाम परवानगी नाकारली? अपील करताना या चुका टाळा

नामंजुरीचा आदेश हातात पडला की बहुतेक जण तो शेवटपर्यंत वाचतच नाहीत. नगरसेवक, साहेब, ओळखीचं कुणी, अशी धावाधाव सुरू होते आणि त्यातच मुदत निघून जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 47 नुसार अपिलाला 40 दिवस मिळतात, आदेश कळवल्याच्या तारखेपासून. अपील ऐकतं ते राज्य शासन किंवा शासनाने नेमलेला, किमान उपसचिव दर्जाचा अधिकारी. महापालिका स्वतःच्या आदेशावरचं हे अपील ऐकत नाही. म्हणून आयुक्तांना दिलेला विनंती अर्ज म्हणजे अपील नव्हे, त्यावर आवक क्रमांक पडला तरी.

एक प्रकरण सांगतो. वडिलोपार्जित प्लॉट, तळमजला अधिक दोन मजल्यांचा प्रस्ताव, आणि नामंजुरी. थोरला मुलगा दर आठवड्याला महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात जाऊन बसायचा आणि "बघू, काढू काहीतरी मार्ग" ऐकून परत यायचा. आदेश आर्किटेक्टच्या लॉगिनवर केव्हाच आला होता, घरचे टपालाची वाट बघत होते. कागद माझ्याकडे आले तेव्हा मुदत उलटली होती. सोबत चार पानी मसुदा होता. आजोबांनी जमीन कशी घेतली, घरपट्टी कशी वेळेवर भरली, कर्मचारी कसे उर्मट बोलले, सगळं त्यात होतं. नामंजुरीच्या कारणांबद्दल एक ओळ नव्हती.

कारणं दोनच होती. पहिलं, पूर्वेची हद्द मोजणी नकाशाशी जुळत नाही, त्यामुळे बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा, कमी पडतं. मी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पट्टी लावली. फरक खरा होता, कारण आर्किटेक्टने खरेदीखतातली मापं धरली होती. याला अपील लागतच नव्हतं. भूमी अभिलेखची मोजणी, सुधारित नकाशा आणि नवा अर्ज एवढं पुरलं असतं. दुसरं कारण मात्र लढण्यासारखं होतं. समोरचा रस्ता शहराच्या मंजूर विकास योजनेत 9 मीटरचा असताना विभागाने तो 6 मीटरचा धरला होता. विकास योजनेचा भाग नकाशा जोडून अपील करायचं ते यावर, आणि नेमकी तीच संधी गेली. शेवटी नव्या अर्जातच दोन्ही मुद्दे मांडले. तोवर पाऊस सुरू झाला होता.

माझी सवय अशी: आदेशाची झेरॉक्स काढतो, प्रत्येक कारणाला क्रमांक देतो आणि समासात "दुरुस्त" किंवा "लढा" लिहितो. दुरुस्त होणारं नव्या अर्जात जातं, लढायचं ते अपिलात, प्रत्येक मुद्द्याला पुराव्याच्या कागदासह. फाईलवरची टिपणी आणि स्थळपाहणी अहवाल हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आदेश मिळाल्याबरोबर टाकतो. त्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात, विसाव्या दिवशी जागं होऊन उपयोग नाही.

दुसरी चूक याहून महाग पडते: "साठ दिवस झाले, आता परवानगी मिळाल्यातच जमा." कलम 45 मध्ये मानीव परवानगी आहे, म्हणजे अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, हे खरं. पण त्रुटी काढली गेली असेल तर 60 दिवस तुमचं उत्तर पोचल्यापासून मोजतात. आणि बांधकाम नियमावलीत बसत नसेल तर ते अनधिकृतच ठरतं. हा शॉर्टकट सुचवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ठेकेदार पैसे घेऊन मोकळा होतो, नोटीस मालकाच्या नावाने निघते. 60 दिवस उलटले तरी मी आधी नकाशा नियमावलीशी कलमागणिक ताडून बघायला लावतो, मग विभागाला लेखी कळवून पोच घ्यायला सांगतो. पाया त्यानंतर.

"आमची अडचण समजून घ्या" एवढ्यावर सवलत मिळत नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत खरी अडचण दाखवता आली तर काही मापं शिथिल करता येतात, पण रस्त्याकडचं अंतर, चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते) आणि पार्किंग यांत एरवी सूट नाही. मुंबईची नियमावली वेगळी आहे.

अपील दाखल झालं म्हणजे काम सुरू करायची मुभा मिळत नाही.

परवानगीतली अट जाचक असेल तर तिच्यावरही कलम 47 खाली अपील होतं. ते वेळेत करा. स्लॅब पडल्यावर अटीबद्दल तक्रार केली तर बाजू लंगडी पडते.

शेजाऱ्याला मिळालेल्या परवानगीवर तुम्ही हे अपील करू शकत नाही, ते फक्त अर्जदाराचं. तुमचा मार्ग म्हणजे प्राधिकरणाकडे लेखी हरकत, आणि गरज पडल्यास उच्च न्यायालय.

अनधिकृत बांधकामाची कलम 53 ची नोटीस घेऊनही लोक "अपील करायचंय" म्हणत येतात. तिथे कलम 47 लागू नाही. बांधकाम नियमात बसवता येत असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीतच ते कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करावा लागतो, म्हणून नोटीस आली त्याच दिवशी आर्किटेक्टला जागेवर बोलवा.