कंडोम वापरतानाही घ्यायची काळजी
पाकिटावरील मुदत पाहूनच कंडोम घ्यावा, पाकीट दातांनी वा कात्रीने न फाडता हातानेच उघडावे आणि प्रत्येक संबंधाच्या वेळी, अगदी सुरुवातीपासून अखेरपर्यंत, नवा कंडोम वापरावा. घरात हाताशी खोबरेल तेलच असते, म्हणून मुद्दाम सांगावे लागते की तेल किंवा व्हॅसलीन लागल्यास लॅटेक्स, म्हणजे बहुतेक कंडोम ज्याचे बनतात ते रबर, कमकुवत होऊन फाटू शकते. त्याऐवजी पाणी किंवा सिलिकॉन हा आधार असलेले वंगण घ्यावे. हर्पीस आणि एचपीव्ही हे विषाणू कंडोमने न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतात, त्यामुळे फोड किंवा जखम दिसल्यास संबंध टाळावा. एचपीव्ही व हिपॅटायटिस बी यांवर लसही आहे. कंडोम फाटलाच, तर संकोच न करता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.