वुडन लूक टाइल्सवरची पांढरी झाक अखेर गेली

कोथरूडची बाल्कनी, 200×1200 मिमीच्या लाकडी पोताच्या पोर्सेलिन टाइल्स. ओल्या असताना झकास, वाळल्या की रेषारेषांत पांढरी झाक. साबण, फिनाइल सगळं झालं. हात दुखले, झाक तशीच. धूळ नव्हतीच ती, पोतात अडकलेलं सिमेंटचं ग्राउट होतं, म्हणजे टाइल्सच्या सांध्यांत भरतात तो लगदा.

जमलं ते असं: ग्राउट भरल्यावर 10 दिवस थांबलो. आधी साध्या पाण्याने सांधे चिंब केले, नाहीतर अ‍ॅसिड तेच पितात. हातमोजे घालून लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम सल्फॅमिक अ‍ॅसिड (सिमेंट विरघळवणारी पावडर) विरघळवलं. एकावेळी चारच टाइल्स, 5 मिनिटं, वाळू न देता. नायलॉनचा ब्रश रेषांच्या दिशेने. आडवा घासला तर खाचेतलं निघत नाही. गढूळ पाणी लगेच फडक्याने टिपलं, मग दोनदा धुतलं. एपॉक्सी ग्राउटवर (सिमेंटऐवजी रेझिनचं असतं ते) मात्र हा उपाय चालत नाही.