पुस्तकातला कोड पीडीएफमधूनच चालवून पाहा

प्रोग्रॅमिंगचं पुस्तक स्वतः छापताना हमखास होणारा घोटाळा: लेखकाच्या संगणकावर कोड चालतो, पुस्तकात पाहून टाइप करणाऱ्याचा चालत नाही. बहुतेक वेळा दोष वर्डच्या मदतीचा असतो. सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, दोन हायफनची एक लांब रेघ होते, ओळीचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं.

१. लिहायला बसण्याआधी वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जा. 'ऑटोफॉर्मॅट ॲज यू टाइप'मधल्या स्मार्ट कोट्स आणि डॅशच्या खुणा काढा. 'ऑटोकरेक्ट'मधली वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची खूणही काढा.

२. कोडसाठी कुरिअरसारखा समान रुंदीचा फाँट ठेवा. ओळ ६० ते ६५ अक्षरांतच मोडा. कुठे मोडायची हे तुम्ही ठरवा, डीटीपीवाल्यावर सोडू नका.

३. छपाईला जाणाऱ्या अंतिम पीडीएफमधून प्रत्येक कोड कॉपी करून रिकाम्या फाइलमध्ये चिकटवा आणि चालवा. कंटाळवाणं काम आहे, पण छापलेल्या प्रतींत शुद्धिपत्रक घालत बसण्यापेक्षा बरं.

मराठी पुस्तकात आणखी एक भानगड. डीटीपीवाला युनिकोडऐवजी जुना फाँट वापरत असेल, तर मजकूर त्या फाँटमध्ये रूपांतरित करताना इंग्रजी कोडची निरर्थक देवनागरी अक्षरं होतात. कोडच्या चौकटींना वेगळी स्टाइल देऊन त्या रूपांतरातून वगळायला सांगा.

फक्त पायथॉनच्या बाबतीत जपून: पीडीएफमधून कॉपी करताना ओळीआधीची मोकळी जागा बरेचदा गळते. ती गळली की पायथॉन एरर देतो. तो दिसला की आधी पानावर नजर टाका. तिथे जागा नीट असेल तर छपाईत चूक नाही.