गरी बेटावरच्या जंगलात आणि तळ्यांवर जाताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळचं गरी हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. लांबी १२० किलोमीटरहून जास्त. आपल्यापैकी बहुतेकांना ते फ्रेझर आयलंड म्हणून माहीत आहे; जून २०२३मध्ये तिथल्या मूळ रहिवासी बुचुला लोकांचं नाव त्याला अधिकृतपणे परत मिळालं. ब्रिस्बेनला भारतातून कुणी आलं की इथला बेत हमखास ठरतो. पण समुद्रकिनारी सहलीला निघाल्यासारखी तयारी करून लोक बेटाच्या आतल्या भागात शिरतात, आणि तिथेच फसतात.

आतले रस्ते म्हणजे एका गाडीपुरत्या वाळूतल्या चाकोऱ्या. लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढणारा गियर) असलेली, उंच फोर-व्हील ड्राइव्हच हवी. शहरातली एसयूव्ही मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसते. आमची भाड्याची गाडी योग्य होती, पण टायरमध्ये डांबरी रस्त्यावरचीच ३६ पीएसआय हवा ठेवून आम्ही निघालो. पहिल्याच चढावर गाडी रुतली. घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो आणि चाकं आणखी खाली गेली.

चाक जागच्या जागी फिरू लागलं की पाय लगेच काढा. फावड्याने चाकांभोवतीची आणि पोटाखालची वाळू उपसा, हवा १८ पीएसआयच्या आसपास आणा आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे या. आम्ही तसंच सुटलो. मात्र हवा कमी असताना झटक्यात वळण घेऊ नका, टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरा. पाऊस पडून गेला की वाळू दबून बसते; कोरड्या दिवसांत ती भुसभुशीत असते, तेव्हा दहा किलोमीटरला पाऊण तास धरा. किनाऱ्यावरून जायचं असेल तर भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास टाळा. बेटावर गाडी नेण्याचा परवाना आधीच काढून ठेवा.

आता तळी. मॅकेन्झी, म्हणजेच बोरंगूरा, या तळ्याला ना ओढा मिळतो ना झरा. जेवढा पाऊस पडतो तेवढंच त्याचं पाणी. कुजलेली पानं आणि साली वाळूच्या कणांना चिकटून तळाशी घट्ट थर जमतो आणि त्या थरावर हे पाणी भूजलाच्या पातळीपेक्षा वर, अधांतरी तोललेलं राहतं. त्याला वाहून जायला वाट नाही. त्यामुळे आपल्या अंगावरचं सनस्क्रीन, डोक्याचं तेल, साबण, लहान मुलांनी पाण्यातच केलेली शू, सगळं तिथेच साठतं. या पाण्यात पोषकद्रव्यं जवळजवळ नसतात, म्हणून ते इतकं नितळ; ती वाढली की शेवाळ धरायला वेळ लागत नाही. पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे आणि टोपी घाला, सनस्क्रीन कमीत कमी लागेल. पाण्यात उतरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या.

बूमांजिन तळ्याचं पाणी चहासारखं तांबूस दिसतं. घाण समजून परत फिरू नका. तो झाडपाल्यातून उतरलेला टॅनिनचा रंग आहे. अशा अधांतरी तळ्यांमध्ये हे जगातलं सर्वांत मोठं, सुमारे २०० हेक्टरचं.

वॅबी तळ्यावर मात्र जिवाशी खेळ होतो. तिथे वाळूची उंच टेकडी थेट पाण्यात उतरते आणि वर्षागणिक तळं बुजवत पुढे सरकते. उतारावरून धावत सुटून सूर मारणाऱ्यांच्या मणक्याला कायमच्या इजा झाल्या आहेत. चालत खाली या, चालतच पाण्यात उतरा.

डिंगोंच्या, म्हणजे इथल्या रानकुत्र्यांच्या, बाबतीत आपला डबा फार घात करतो. चकलीचं उघडं पाकीट, पोळीचा तुकडा, वास लगेच पोचतो. मॅकेन्झीच्या काठावर खायला मनाईच आहे, खाण्यासाठी केलेल्या कुंपणाच्या आत बसून खा. मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा. डिंगो जवळ आला तर पळू नका; त्याच्याकडे तोंड करून ताठ उभे राहा आणि हळूहळू मागे सरका. माणसाच्या हातचं खाणं मिळालेला डिंगो धीट होतो, चावतो, आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. हे मला फार लागतं.

शेकोटीच्या बाबतीतही सावध राहा. २०२०मध्ये एका बेकायदा शेकोटीतून लागलेल्या वणव्यात जवळपास निम्मं बेट होरपळलं.

आणि सगळा दिवस मॅकेन्झीवर घालवू नका. सेंट्रल स्टेशनला (हे रेल्वेचं नाही, जंगलातलं जुनं वनखात्याचं ठाणं) वांगूल्बा ओढा आहे. पाणी इतकं स्वच्छ, की मला आधी नुसती पांढरी वाळूच दिसली. दगड नसल्यामुळे आवाजही नाही. मग एक पिवळं पान वाळूवरून तरंगत पुढे गेलं, तेव्हा कळलं की ओढा वाहतो आहे.